गाडीची खांदमळणी

आमची गोजरआत्या पोळ्याच्या दिवशी रोलर कोस्टरमध्ये बसली आणि उतरली नाही.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा. मीही ते लिहिलं नाही असं समजतो. असं काही घडलेलं नाही. पोळा होता, पुरण शिजत होतं, आत्या आदल्या दिवशी जिंतूरहून एसटीनं आली होती आणि उतरताना कंडक्टरशी भांडली होती. म्हणजे सगळं जागच्या जागी होतं. तिथून सुरू करू.

आमचं गाव झरीच्या पुढं आहे आणि आमच्याकडं समुद्र नाही. कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र लागायला एक अख्खी रात्र एसटीत काढावी लागते. तरीपण आमच्या गावात समुद्रकिनाऱ्यावरचं मनोरंजन उद्यान आहे, कारण ते माझ्या भुजंगकाकानं आणलं. कोकणाकडं कुठंतरी असं एक उद्यान बंद पडलं होतं आणि त्यातलं सामान भंगारात निघालं होतं. काका तिथं ट्रॅक्टरची मागची चाकं बघायला गेला होता. चाकं मिळाली नाहीत. रिकाम्या हातानं परत येणं आमच्या घराण्यात बसत नाही, म्हणून तो रोलर कोस्टर घेऊन आला.

उन्हाळ्यात उसाच्या ट्रका रिकाम्याच असतात. त्यांतून रूळ आले, खांब आले, डबे आले. सोबत काही पाट्या फुकट आल्या. त्यातली एक होती, 'भरतीच्या वेळी खडकांवर जाऊ नये.' काकानं ती सोयाबीनच्या बांधावर रोवली. तेव्हापासून आजपर्यंत भरतीच्या वेळी त्या सोयाबीनमध्ये कुणीही गेलेलं नाही. पाटीचा उपयोग होतो.

समुद्र म्हणून काकानं शेततळं धरलं. त्याला निळं प्लास्टिक होतंच. त्याच्या कडेनं कोस्टर उभा राहिला. खांबांवरचे आकडे खाऱ्या वाऱ्यानं खाल्ले होते, त्यामुळं कुठला खांब कुठं ते गावानं नजरेनं ठरवलं. तिसरा खांब तर इतका खाल्लेला होता की नखानं खरवडला तर भाकरीचा पापुद्रा निघावा तसं लोखंड निघायचं. काकानं त्याला बाइंडिंगची तार गुंडाळली, वरून एमसील लावलं आणि पिवळा रंग दिला. पिवळा रंग दिला की लोखंड नीट वागतं असं काकाचं मत होतं.

गाडी वर ओढायला साखळी होती. साखळीची मोटर काकानं शेतीपंपाच्या लाइनवर जोडली आणि तिला विहिरीवरचा स्टार्टर बसवला. त्या स्टार्टरला 'ऑटो' होतं. शेतकऱ्याला ऑटो सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. शेतातली लाइट रात्री-बेरात्री कधीही येते, म्हणून स्टार्टरला एक डबी लावून ठेवतात. लाइट गेली की मोटर बंद, लाइट आली की मोटर आपोआप चालू. माणसानं अंथरुणातून उठायचं काम नाही. विहिरीसाठी ही फार सोयीची गोष्ट आहे. हा स्टार्टर एका पत्र्याच्या खोलीत होता, खोलीला कुलूप होतं, कारण शिवारात केबल चोरीला जाते, आणि कुलपाची किल्ली काकाच्या करदोड्याला होती, कारण काकाचा कुणावरच विश्वास नव्हता.

आता खांदमळणी.

काकानं उद्यानाच्या नादात शेवटची बैलजोडी विकली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी आत्या आली, गोठ्यात गेली, आणि तिथं रोलर कोस्टरचे जास्तीचे नट-बोल्ट बघून बाहेर आली.

"भुजंगा, बैलं कुटं हायेत?"

"बैलं न्हाईत आक्का. आता गाडी हाय."

"मग खांदमळणी कुणाची करायची? तुझी?"

"माजी करा," कमलकाकू आतून म्हणाली. "ह्या घरात वझं मीच वडायले." काकूचा या कोस्टरवर पहिल्यापासून राग होता. ती त्याला सवत म्हणायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा मळतात. वर्षभर जू घासून जिथलं कातडं गुळगुळीत झालेलं असतं, तिथं लोणी आणि हळद चोळायची आणि बैलाला हात जोडून म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. हे घराण्यात आत्यापेक्षा चांगलं कुणाला जमत नाही. तिच्या हाताखाली बैल डोळे मिटायचे.

"पोळा सुना जाऊ द्यायचा न्हाई," आत्या म्हणाली. "तुझी गाडी तर गाडी. राबती ना? मग तिचा खांदा मळू."

"आक्का, गाडीला खांदा कुटं असतो?"

"जितं घासतं तितं खांदा. मला इचारतो व्हय रं? एवढी बैलं मळली मी."

आम्ही सगळे लोण्याचा गडू घेऊन कोस्टरकडं गेलो. आत्या वाकली, डब्यांखाली बघितलं, आणि तिला खांदा लगेच सापडला. प्रत्येक डब्याच्या पोटाखाली एक लांब लोखंडी पट्टी होती. बाकीची सगळी गाडी गंजलेली, पण ही पट्टी आरशासारखी चकचकीत. घासून घासून गुळगुळीत झालेली. जू घासलेल्या खांद्याची खूण अशीच असते. आत्यानं प्रेमानं सगळ्या पट्ट्यांना लोणी चोळलं. फलाटावरच्या ज्या दोन लोखंडी पात्यांमध्ये ती पट्टी घासायची, त्यांनाही चोळलं, कारण जुवालाही थोडं लावायची पद्धत आहे.

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," आत्या गाडीला म्हणाली.

ती पट्टी कशानं घासली असेल हे तिथं उभ्या असलेल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. वैजीनाथ माझा चुलतभाऊ, फलाटावरचा ब्रेकचा दांडा ओढायचं काम त्याचंच. तो रोज दांडा ओढायचा आणि गाडी थांबायची. का थांबायची, हा प्रश्न त्यानं कधी गाडीला विचारला नव्हता. त्यानंच लोण्याचा गडू धरला होता.

पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर गाडीला झूल घातली, पुढच्या डब्याला बाशिंग बांधलं, घुंगरांच्या माळा लावल्या. आमच्याकडं पोळ्याला बैलांचं लग्न लावतात, तर गाडीचंही लावायचं ठरलं. मंगलाष्टकं म्हणायला दत्तराव आले. ते म्हणाले, "नवरदेव चालता हाय, मग मी खाली उभा राहून कसं म्हणू?" आणि स्वतः होऊन शेवटच्या डब्यात बसले. पुढच्या डब्यात मालक म्हणून काका. आणि पहिल्या फेरीचा मान, मानाच्या बैलाचा असतो तसा, थोरली बहीण म्हणून आत्याचा.

आत्याला बसायचं नव्हतं. ती फलाटावर पदर दातांत धरून उभी होती. पण मान नाकारता येत नाही, आणि त्यातून सगळं गाव बघत होतं.

"म्हारुद्रा, तू बस माज्यापाशी," ती हळूच म्हणाली. "मी भेले म्हून न्हाई. तुला भ्या वाटंल म्हून."

काकाच्या मागच्या डब्यात मी तिच्याशेजारी बसलो. आता इथं एक गोष्ट सांगावी लागते. डब्यात दोघांच्या मांड्यांवर मिळून एकच दांडा येतो. तो खाली येतो आणि जो जाड असेल त्याच्या पोटावर थांबतो. तो माझ्या पोटावर थांबला. आत्या म्हणजे वाळलेली तुराटी. तिच्या आणि दांड्याच्या मध्ये इतकी जागा राहिली की पुरणपोळ्यांची एक चळत मावली असती. वैजीनाथनं बघितलं आणि म्हणाला, "एकच फेरी हाय, धरून बसा."

बाकीच्या मधल्या डब्यांत कुणी बसलं नाही, कारण गावात शहाणी माणसं आहेत.

काकानं पत्र्याच्या खोलीत जाऊन मोटर चालू केली, कुलूप लावलं, किल्ली करदोड्याला बांधली, येऊन बसला. गाडी साखळीवर चढायला लागली. टक, टक, टक, टक. खाली माणसं लहान होत गेली. सोयाबीन दिसलं, कापूस दिसला, लांब पूर्णेकडं जाणारी रेल्वे दिसली. आत्यानं माझा दंड धरला. तिची बोटं इतकी थंड होती की मला शर्टातून कळलं.

"लय उंच हाय रे," ती म्हणाली.

माथ्यावर गाडी एक क्षण थांबल्यासारखी झाली. मग खाली बघायला जमीनच राहिली नाही, फक्त निळं प्लास्टिक.

"शुभमंगल..." दत्तरावांनी मागून सुरू केलं, आणि गाडी सुटल्यावर, "साऽऽवधाऽऽन!"

आत्या उठली. म्हणजे ती ठरवून उठली नाही, ती सीटवरून वर गेली. माझ्या पोटावर दांडा होता, तिच्यावर काहीच नव्हतं. मी दोन्ही हातांनी तिच्या कमरेला मिठी मारली आणि खाली ओढली. तिच्या चपला समुद्रात गेल्या. तिसऱ्या खांबावरून वळताना सगळा रूळ भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा हलला. आणि मग फलाट आला, वाजंत्री आली, वैजीनाथ हसत दांडा ओढताना दिसला.

गाडी थांबली नाही.

वैजीनाथचं हसू तसंच राहिलं आणि आम्ही त्याच्यासमोरून निघून गेलो. कुणी घाई न केलेल्या लग्नाच्या वरातीसारखे, सावकाश, पण न थांबता. फलाट संपला. पुढं साखळी. साखळीनं गाडीला धरलं. टक, टक, टक.

"वैज्या! दांडा वड की!" काका पुढून ओरडला.

"वडलोय की काका! धरंना गेलाय! सटकायलाय!"

"काय सटकायलंय?"

"लोणी सटकायलंय!"

आम्ही अर्ध्या चढावर आलो. मग आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "म्हारुद्रा, त्यो खांदा नव्हता व्हय रं?"

"खांदाच होता आत्या."

"मग थांबंना कामून?"

मी म्हणालो, "बैल खूश हाय."  तिनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. मी मिठी घट्ट केली आणि आम्ही माथ्यावरून खाली गेलो.

किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. मोजायला हात मोकळे नव्हते. प्रत्येक उतारावर आत्या वर उडायची, प्रत्येक उतारावर मी तिला खाली ओढायचो, आणि प्रत्येक उतारावर मागून दत्तराव 'सावधान' म्हणायचे. आता ते मंगलाष्टकं म्हणत नव्हते. आता तो सल्ला होता. तिसऱ्या खांबाजवळून जाताना मला एक बोल्ट दिसायचा. पहिल्यांदा त्याचा नट खांबाला चिकटून होता. पुढच्या फेरीला मध्ये फट दिसली. त्याच्या पुढच्या फेरीला फटीतून पलीकडचा कापूस दिसला. मी ठरवलं की आता तिकडं बघायचं नाही, आणि प्रत्येक वेळी तिकडंच बघितलं.

फलाटावर प्रयत्न चालू होते. बजरंग म्हणून एक तालमीतला गडी आहे, त्यानं धावत्या डब्याला मिठी मारली. गाडीनं त्याला फलाटभर फरफटत नेलं आणि टोकाला सोडून दिलं. वैजीनाथच्या दांड्याला आणखी माणसं लोंबकळली. दर फेरीला घासून घासून लोणी तापत चाललं होतं. एका फेरीला फलाटावरून जाताना मला चक्क कढवलेल्या तुपाचा वास आला. इतक्या भीतीतही माझ्या तोंडाला पाणी सुटलं. शरीराला लाज नसते.

"मोटर बंद करा!" मी ओरडलो.

"किल्ली काकाकडं हाय!" खालून सगळे ओरडले.

काका पुढच्या डब्यात किल्लीशीच झगडत होता. किल्ली करदोड्याला, करदोडा पोटावर, पोटावर दांडा. सदऱ्यात हात घालून तो सापाशी खेळावं तसा वळवळत होता. शेवटी कसाबसा करदोडा तुटला. फलाट यायच्या आधीच, वळणावर, काकानं सगळा जोर लावून किल्ली फेकली.

ती समुद्रात पडली.

"अरारारा," दत्तराव मागून म्हणाले. गाडीत बसल्यावर तेवढं एकच वाक्य ते साध्या आवाजात बोलले.

वैजीनाथनं सबस्टेशनला फोन लावला. त्यानं तो स्पीकरवर ठेवला होता, आणि आम्ही जाताना अर्धं संभाषण ऐकलं, पुढच्या फेरीला उरलेलं.

"साहेब, लाइट घालवा!"

"काय?"

"लाइट! बंद करा! आत्ता!"

"कोन बोलायलंय? सकाळी तर तुमच्या गावचे पुरणपोळ्या घेऊन आले होते, सणाची लाइट घालवू नका म्हून."

ते खरं होतं. काकाच गेला होता. आम्ही वर गेलो, खाली आलो.

"साहेब, पाया पडतो, माणसं मरायलीत, लाइट घालवा!"

पलीकडचा माणूस हसायला लागला. आमच्या भागात लाइट घालवा म्हणून आजवर कुणी फोन केलेला नाही. त्याला वाटलं पोळ्याची थट्टा चालली आहे. "पिऊ नका लय," तो म्हणाला आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागेना.

मग मी वरून एक दृश्य पाहिलं, जे पुन्हा कुणाला बघायला मिळणार नाही. आख्खं गाव, ज्यानं जन्मभर लाइटीची वाट बघितली, ते शेतातल्या विजेच्या डीपीकडं तोंड करून हात जोडून उभं होतं आणि लाइट जावी म्हणून देवाला विनवत होतं. तिकडं पत्र्याच्या खोलीपाशी कमलकाकू पहार घेऊन कुलपावर तुटून पडली होती. तिच्या प्रत्येक घावात मला एका वर्षाचा राग दिसला.

आणि लाइट गेली.

आम्ही चढावर होतो, माथ्यापासून थोडं खाली. साखळी थांबली. डब्याखाली काहीतरी खटकन अडकलं आणि गाडी जागच्या जागी लटकली, आमची तोंडं आभाळाकडं. इतकी शांतता झाली की घुंगरं वाजलेली ऐकू आली. खाली गावानं आरोळी ठोकली. काका पुढं रडत होता की हसत होता ते पाठीवरून कळलं नाही.

"गेली," मी म्हणालो. "आत्या, लाइट गेली. आता काकू कुलूप फोडंल."

 आत्याचा श्वास ऐकू येत होता, दमलेल्या बैलासारखा, मोठा आणि ओला. ओठ निळसर झाले होते. मी तिचा पदर नीट केला.

"भुजंगा," ती म्हणाली.

"काय आक्का," काका वळता येत नव्हतं म्हणून समोर बघतच बोलला.

"त्या मोटरीला ऑटो हाय का रं?"

काकानं वायरीकडं बघितलं.

"आपल्या हिरीवर हाय, तसलं?"

"तेच हाय आक्का."

म्हणजे लाइट आली की गाडी आपोआप चालू. अंथरुणातून उठायचं काम नाही.

त्या क्षणापर्यंत मला वाटलं होतं की भीती म्हणजे उतार. भीती उतार नाही. भीती म्हणजे थांबलेल्या गाडीत बसून वायरीकडं बघणं. दांडे फक्त फलाटावरच्या, पायानं दाबायच्या पायट्यानं उघडत होते, त्यामुळं उतरता येत नव्हतं. मी माझा श्वास पोटात ओढून दांडा वर ढकलायचा प्रयत्न केला. तो आणखी एक खाच खाली गेला. आता तो माझ्या पोटात रुतला आणि आत्याच्या मांड्यांपर्यंत अजूनही पोचला नाही.

"काकू!" मी खाली ओरडलो. "लवकर!"

"पत्रा वाकलाय! कुलूप तसंच हाय!" खालून काकूचा आवाज आला. "तुमी हालू नका!"

"हे बरं सांगितलं," काका पुटपुटला.

आत्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. मला वाटलं ती झोपली. मग ती बोलायला लागली, गावाकडच्या ओसरीवर बसल्यासारखी.

"तुझ्या बापाला भ्या वाटायचं हिरीचं. मी त्याच्या कमरंला दोर बांधून सोडायची पवायला. दोर माज्या हातात. लय ओरडायचा, आक्का सोडू नको म्हून."

"सोडलंस का कधी?"

"एकदा सोडला. तवाच त्याला पवायला आलं." ती हसली, हसताना थांबली आणि छातीवर हात ठेवला. "तू सोडू नको बरं."

"न्हाई सोडणार."

"मला पवायला शिकायचं न्हाई आता. मला खाली जायचंय. जिमिनीवर पाय लागले की बास. चपला गेल्या तर गेल्या."

"आत्ता उतरू आत्या. काकू पोचलीच."

"मीच मळला रे त्यो खांदा," ती म्हणाली. "ह्या हातानं. गाडीला म्हणलं जेवायला या."

मला तिला सांगायचं होतं की तुझी काही चूक नाही, जिथं घासतं तिथंच खांदा असतो, चूक असलीच तर लोखंडाची आहे, ते बैलासारखं दिसलं आणि तसं वागलं नाही. मी तोंड उघडलं.

खाली पहारीचा एक मोठा आवाज आला. पत्रा फाटला. काकूची आरोळी आली, "उघडलं! उघ..."

आणि लाइट आली.

मोटरीनं दम घेतला. साखळीला झटका बसला. टक. आत्याची बोटं माझ्या दंडात घुसली. टक, टक. काकूनं आत जाऊन बटण दाबलं असेल, नक्की दाबलं, कारण साखळी पुन्हा थांबली. पण पुढचा डबा तोपर्यंत माथा ओलांडून गेला होता, आणि एक डबा गेला की मागच्यांना मत विचारत नाहीत.

"सावधान," दत्तराव म्हणाले. ते आता ओरडले नाहीत. प्रार्थना केल्यासारखं म्हणाले.

मी आत्याला दोन्ही हातांनी, दातांनी, जे होतं त्यानं धरलं. ती वर गेली आणि मी तिला खाली ओढली. तिसऱ्या खांबाशी आलो तेव्हा नट नव्हता. बोल्ट एकटाच होता, दात पडलेल्या हिरडीसारखा. रूळ बाजूला झुकला, सगळी गाडी शेततळ्याकडं कलली, मला खाली निळ्या प्लास्टिकमध्ये आमचंच प्रतिबिंब दिसलं, झूल आणि बाशिंग घातलेलं. मी डोळे मिटले. बाइंडिंगची तार ताणल्याचा आवाज आला, किंवा तो माझा आवाज होता. आणि आम्ही पार झालो.

फलाट आला. वैजीनाथ आणि त्याच्यामागं अर्धं गाव दांड्याला लोंबकळलेलं. पट्टीवरचं लोणी कढून, करपून संपलं होतं. लोखंडानं लोखंड धरलं. एक किंचाळी निघाली, गाडीची, आणि आम्ही थांबलो. फलाटाच्या बरोबर मध्यावर, बाशिंगसुद्धा सरळ.

वाजंत्रीवाल्यांना कुणीतरी गप्प करायला हवं होतं, पण त्यांनी वाजवायला सुरुवात केली. वैजीनाथनं पायटा दाबला. दांडे वर गेले. काका उतरला आणि फलाटावर पालथा झोपला, गाल जमिनीला लावून. दत्तराव उतरून थेट घराकडं चालत गेले. त्यांनी आजतागायत एकही लग्न लावलेलं नाही.

मी आत्याला सोडलं नव्हतं. ती माझ्या मिठीत होती, नीट बसलेली, एक केसही इकडचा तिकडं नाही. कुठंही खरचटलं नव्हतं. मी तिला उडू दिलं नाही, पडू दिलं नाही, एकाही उतारावर नाही.

"आत्या, उतर," मी म्हणालो. "फलाट आला. जमीन आली बघ."

कमलकाकू पहार टाकून आली. तिनं आत्याच्या नाकाशी हात धरला. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि माझे हात सोडवायला लागली, एकेक बोट करून.

"सोड आता म्हारुद्रा."

"तिनं सांगितलंय सोडू नको म्हणून."

"लेकरा, सोड."

झरीचे डॉक्टर आले. ते म्हणाले की हृदय भीतीनं थांबलं असावं, बहुतेक शेवटच्या उतारावर. मी त्यांना विचारलं, उतार संपायच्या आधी की नंतर? ते म्हणाले, त्यानं काय फरक पडतो? डॉक्टर लोकांना रुळांचं काही कळत नाही. आता काका रोज म्हणतो की ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करायला पाहिजे. म्हणून त्याच्या आधी मी ही दरखास्त लिहीत आहे.

प्रति, मेहेरबान ग्रामसेवक साहेब. अर्जदार महारुद्र याची नम्र विनंती की, गोजरबाई यांनी फेरीचा मान स्वीकारलेला असून त्यांनी अद्याप जमिनीवर पाय ठेवलेला नाही. सबब, त्यांची फेरी चालू आहे असे ग्राह्य धरण्यात यावे. त्या स्वतःहून उतरेपर्यंत मृत्यूच्या रजिस्टरात अथवा अन्य कोणत्याही रजिस्टरात त्यांची नोंद घेण्यात येऊ नये. तसेच सदर फेरीचा शेवटचा उतार रद्द करून गाडी चढावरच, लाइट नसलेल्या अवस्थेत, कायम उभी ठेवण्याचे आदेश संबंधितांस मागील तारखेपासून देण्यात यावेत, ही विनंती.